घरगुती प्रवाळ-मत्स्यालय : रचना आणि निगा

मुंबईच्या उपनगरांतील घरांत गोड्या पाण्यातील माशांची काचपेटी ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील सदनिकांत तिच्या जोडीने खाऱ्या पाण्याची, प्रवाळ व प्रवाळांच्या सहवासात राहणारे मासे ह्यांची पेटी मांडण्याची हौसही दिसू लागली आहे. दोन्ही पेट्या बाहेरून सारख्या दिसल्या, तरी त्यांत केवळ क्षारांचा भेद आहे असे समजणे चुकीचे ठरेल. गोड्या पाण्याच्या पेटीत मासे पाळावयाचे असतात. प्रवाळाच्या पेटीत प्रथम पाणी पाळावयाचे असते. ह्या विधानाचा अर्थ उलगडून दाखविणे आणि त्या अनुषंगाने अशा पेटीची उभारणी, निगा व मर्यादा ह्यांचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नाव आणि वस्तू

'मत्स्यालय' हा शब्द मुंबईकरांच्या ओळखीचा आहे. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले, २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा उघडले आणि २०२० मध्ये बंद झाले. मधल्या काळात मुंबईतील कित्येक पिढ्यांनी समुद्रातील मासा जिवंत पाहिला तो तेथेच. ह्या शब्दात मासा आहे, परंतु पाणी नाही. उलट, ज्याच्या जागी हा शब्द योजिला जातो त्या 'अक्वेरियम' ह्या शब्दात पाणी आहे, मासा नाही. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस ह्याचा ह्याच नावाचा ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जलचर राखण्याच्या काचपेटीस ते नाव रूढ झाले. प्रवाळाच्या पेटीपुरते बोलावयाचे तर लॅटिन मुळाचा शब्द वस्तूच्या अधिक जवळ जातो.

'प्रवाळ' ह्या शब्दाची कथा याहून बोधप्रद आहे. संस्कृतात 'प्रवाल' म्हणजे कोवळा अंकुर, आणि प्रवाल म्हणजे समुद्रातून निघणारे तांबडे रत्नही. प्राकृतातून मराठीत आलेल्या 'पोवळे' ह्या रूपात अंकुराचा अर्थ लोपला व रत्नाचा तेवढा उरला. मराठी मनाला पोवळे ठाऊक आहे ते नवरत्नांपैकी एक म्हणून, मंगळाचा खडा म्हणून. प्राणिशास्त्र मात्र सांगते की, प्रवाळ हा प्राणी आहे : समुद्रफुलाच्या कुळातला, मुखाभोवती स्पर्शकांचे कडे असलेला, बहुधा वसाहत करून एका जागी राहणारा.

विशेष हे की, प्रवाळभित्ती बांधणाऱ्या जातींच्या बाबतीत वरील तिन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात. शरीर प्राण्याचे असते. त्या शरीराच्या पेशींत सूक्ष्म शैवले राहतात व ती वनस्पतीप्रमाणे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. आणि शरीराच्या तळाशी चुनखडीचा सांगाडा, म्हणजे अक्षरशः दगड, सतत रचला जात असतो. प्राणी, अंकुर आणि पाषाण ह्या तिघांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत आणि त्या सर्व एकाच पाण्याने भागवावयाच्या आहेत. घरगुती पेटीच्या साऱ्या अडचणी येथून उद्भवतात.

२. पाणी

प्रवाळास मानवणाऱ्या समुद्रजलात दर किलोग्रॅममागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि सामू ८.१ ते ८.४ ह्या मर्यादेत राहतो. ह्या आकड्यांइककेच, किंबहुना त्यांहून अधिक, महत्त्व त्यांच्या स्थैर्यास आहे. खुल्या समुद्राचे पाणी इतके अफाट असते की, दिवसातून वा ऋतूतून त्यात होणारा बदल अल्प असतो. दोनअडीचशे लिटरांच्या पेटीत तो तासाभरात होऊ शकतो.

साहजिकच प्रश्न उपस्थित होतो की, वेसाव्याचा किनारा अंधेरीस, गोराईची खाडी बोरिवलीस आणि ठाण्याची खाडी मुलुंड-घाटकोपरास लागून असता पाणी दुसरीकडून आणावेच का? ह्याचे उत्तर मुंबईच्या समुद्राच्या स्वभावात आहे. येथे उधाणाच्या दिवसांत भरतीची उंची साडेचार मीटरांच्या वर जाते; भांगाच्या दिवसांत ती पुष्कळ कमी असते. ह्या चढउताराने तळाचा गाळ सदैव ढवळला जातो. जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा किनाऱ्यालगतच्या पाण्याची क्षारता खाली येते. शिवाय महानगराचे सांडपाणी आहेच. अशा पाण्यात प्रवाळ मुळीच नाहीत असे नव्हे. हाजीअली व वरळी येथील खडकांवर प्रवाळांच्या छोट्या वसाहती आढळल्या आणि किनारा-मार्गाच्या बांधकामासाठी, २०२० मध्ये, त्यांपैकी १८ वसाहती अन्यत्र हलविण्यात आल्या. परंतु गाळ सोसून तग धरणाऱ्या ह्या जातींवरून पेटीतील नाजूक जातींविषयी अनुमान काढता येत नाही.

दुसरा पर्याय मिठाचा. मुलुंड, भांडुप, कांजूर ह्या पट्ट्यात खाडीकाठी मिठागरे पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली. मग हेच मीठ गोड्या पाण्यात विरघळवून समुद्र का होऊ नये? होत नाही, आणि ते का होत नाही हे मिठागराच्या प्रक्रियेवरूनच कळते. खाडीचे पाणी वाफ्यांत आटू लागले म्हणजे त्यातून प्रथम कॅल्शियम कार्बोनेट व नंतर जिप्सम वेगळे होते. मूळ पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो तेव्हा सोडियम क्लोराइडचे, म्हणजे खाण्याच्या मिठाचे, स्फटिक धरू लागतात. ते गोळा केल्यावर मागे राहते ते मॅग्नेशियमयुक्त कडू पाणी. म्हणजे मिठागर समुद्रातून नेमके तेवढे मीठ निवडून घेते. प्रवाळास आवश्यक असलेले कॅल्शियम आधीच तळाशी गेलेले असते आणि मॅग्नेशियम मागे टाकलेले असते.

म्हणून पेटीचे पाणी घटकांच्या प्रमाणबद्ध मिश्रणाने तयार करावे लागते. त्यासाठी सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार समुद्रातील प्रमाणात एकत्र केलेले तयार मिश्रण बाजारात मिळते. ते ज्यात मिसळावयाचे ते पाणी होता होईल तो शुद्ध हवे. भातसा, वैतरणा, तानसा इत्यादी जलाशयांतून येणारे महापालिकेचे पाणी मनुष्यास पिण्याजोगे असते. परंतु त्यातील क्लोरीन आणि जुन्या नळांतून उतरणारा तांब्यासारख्या धातूंचा लेश प्रवाळांस घातक ठरतो. घराघरांत 'आर. ओ.' ह्या नावाने परिचित झालेले व्यस्त तर्षणाचे यंत्र आणि त्यापुढे आयन काढून घेणारी राळेची नळी, असे दुहेरी शुद्धीकरण येथे आवश्यक असते. मिश्रण निदान एक दिवस पंपाने खेळते ठेवून, लवणतामापकाने तपासून मगच वापरावे.

बाष्पीभवनाविषयी नवशिक्याचा हमखास गैरसमज होतो. पेटीतून उडते ते केवळ पाणी. क्षार मागेच राहतात. २२० लिटर पाण्यातून रोज ३ लिटर उडाले आणि आठवडाभर भर घातली नाही, तर ३५ ची क्षारता ३८.७ च्या घरात जाते. ही तूट खाऱ्या पाण्याने भरली तर ती वाढतच राहील. भर नेहमी शुद्ध गोड्या पाण्याची आणि शक्यतो रोज घालावयाची असते. मे महिन्यात ही भर अधिक लागते. पावसाळ्यातील दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, तेव्हा उन्हाळ्याचेच माप पुढे चालविल्यास पाणी हळूहळू फिके पडते.

३. प्राणी

मासे व प्रवाळ ह्यांच्या उत्सर्गातून आणि न खाल्लेल्या अन्नाच्या कुजण्यातून अमोनिया निर्माण होतो. खाऱ्या पाण्याचा सामू चढा असल्यामुळे ह्या अमोनियाचा अधिक भाग त्याच्या विषारी, अनायनित रूपात राहतो. त्याचा निरास करणे हे जीवाणूंचे काम आहे. जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइटमध्ये व दुसरा नायट्राइटचे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. हे जीवाणू खडकांच्या व वाळूच्या पृष्ठभागावर वस्ती करतात. ती वस्ती पुरेशी होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. ह्या काळात पेटीत प्राणी सोडू नयेत. प्रथम अमोनिया वाढून खाली आला, मागोमाग नायट्राइट वाढून खाली आले आणि अखेर दोन्ही शून्यावर स्थिरावली, असे चाचणीने दिसले म्हणजे पेटी पिकली असे म्हणावयाचे.

नायट्रेटचे निराकरण दोन मार्गांनी होते. सच्छिद्र खडकाच्या गाभ्यात प्राणवायू पोचत नाही. तेथील जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू मुक्त करतात. उरलेल्याचा निचरा पाणीबदलाने करावा लागतो. दर आठवड्यास सुमारे दहावा हिस्सा पाणी बदलणे, हा सर्वसाधारण प्रघात आहे.

सेंद्रिय मळ कुजण्यापूर्वीच बाहेर काढणारे साधन म्हणजे प्रोटीन स्किमर. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर मळकट फेस साठलेला दिसतो. पाण्यात विरघळलेली काही सेंद्रिय द्रव्ये हवेच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागास चिकटतात, म्हणून तो फेस टिकतो. स्किमरच्या नळकांड्यात पाण्यातून बारीक बुडबुडे सोडून हीच क्रिया मुद्दाम घडवून आणतात आणि वर चढलेला फेस वाटीत गोळा करून टाकून देतात.

४. अंकुर

प्रवाळाच्या पेशींतील शैवले आपण तयार केलेल्या अन्नाचा मोठा भाग यजमानास देतात. उलट त्याच्या उत्सर्गातील नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड स्वतः वापरतात. भित्ती बांधणारे प्रवाळ पोषकांच्या दृष्टीने गरीब अशा स्वच्छ पाण्यात भरभराटतात ते ह्या सहजीवनामुळे. पेटीत त्यांना पुरेसा प्रखर आणि निळ्या छटेकडे झुकणारा प्रकाश रोज आठ ते दहा तास द्यावा लागतो. खोल पाण्यात निळाच प्रकाश अधिक पोचतो, हे त्याचे कारण. पूर्वी त्यासाठी उष्णता फेकणारे दिवे वापरीत. आता एलईडी दिव्यांमुळे विजेचा खर्च व पाण्याचे तापणे, दोन्ही कमी झाली आहेत.

तापमानाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा समुद्र जेमतेम एक अंश अधिक तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, की प्रवाळ आपल्यातील शैवलांना बाहेर टाकतो. रंग जाऊन पांढरा सांगाडा पारदर्शक देहातून दिसू लागतो. ह्यालाच विरंजन म्हणतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ ह्या काळात जगभरच्या समुद्रांत असे विरंजन झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची अधिकृत घोषणा झाली. उपनगरातील बंद सदनिकेत मे महिन्यात पेटीचे पाणी सहज तीस अंशांच्या वर जाते. पंख्याने पृष्ठभागावर वारा घालणे हा कोरड्या हवेतील उपाय होय. मुंबईच्या दमट हवेत त्याचा परिणाम अपुरा पडतो. त्यामुळे पाणी थंड करणारे यंत्र अथवा खोलीचे वातानुकूलन, ह्यांपैकी एकाची तजवीज आधीच करावी लागते.

वीज खंडित झाल्यास काय होईल, ह्याचाही विचार त्याबरोबरच व्हावयास हवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांच्या मोठ्या भागात वीज दीर्घकाळ नव्हती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण-यंत्रणेतील बिघाडाने महानगरातील वीज काही तास गेली. दिवे काही तास बंद राहिले तर प्रवाळास अपाय होत नाही, कारण रात्र त्याच्या सवयीची आहे. पंप थांबला तर मात्र पाण्यातील प्राणवायू भराभर घटतो. म्हणून विजेरीवर चालणारा हवेचा छोटा पंप ही चैनीची वस्तू न मानता मूळ साहित्यातच गणली पाहिजे.

५. पाषाण

सांगाडा रचण्यासाठी प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम व कार्बोनेट ओढून घेतो. समुद्रात हा साठा अपार आहे. पेटीत तो मोजका असतो. दर लिटरमागे कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १,२५० ते १,३५० मिलिग्रॅम आणि अल्कता जर्मन अंशांत ७ ते ११ ठेवावी, असा संकेत आहे. तिन्ही घटक परस्परावलंबी आहेत. मॅग्नेशियम कमी पडले तर कॅल्शियम व कार्बोनेट प्रवाळाच्या देहात जाण्याऐवजी पंपावर व काचेवर चुन्याच्या पापुद्र्याच्या रूपाने बसतात. आकडा आदर्शाच्या किंचित खाली असला तरी चालते. तो एका दिवसात एकदम वर नेण्याने मात्र प्रवाळ दगावतात.

पाषाणाचा दुसरा प्रश्न पेटीच्या भाराचा. १२० सें.मी. लांब, ४५ सें.मी. रुंद व ४५ सें.मी. उंच अशी मध्यम पेटी काठोकाठ भरल्यास २४३ लिटर पाणी धरते. केवळ खाऱ्या पाण्याचेच वजन सुमारे २५० किलोग्रॅम. काच, खडक, वाळू व घडवंची मिळून ते साडेतीनशेवर जाते. ते अवघ्या ०.५४ चौरस मीटर जागेवर उभे असते. म्हणजे दर चौरस मीटरला सहाशे किलोग्रॅमहून अधिक. भारतीय मानकानुसार निवासी खोलीच्या जमिनीसाठी वापराचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम धरतात. हा भार साऱ्या खोलीवर विभागून धरलेला असल्यामुळे वरील पेटीने मजला लगेच धोक्यात येतो असे नाही. परंतु ती खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईच्या वा भक्कम भिंतीच्या कडेस ठेवावी आणि जुन्या इमारतीत अभियंत्याचा सल्ला घेतल्याविना ठेवूच नये, हे ह्या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

६. खडक, कायदा आणि निवड

जकार्ता येथील ली चिन एंग ह्याने १९६१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेली 'नैसर्गिक पद्धती' हा घरगुती प्रवाळ-पेटीच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. जटिल गाळण्या टाळून त्याने समुद्रातील जीवाणू व सूक्ष्मजीव यांनी भरलेला 'जिवंत खडक' पेटीत ठेवला आणि हवेच्या बुडबुड्यांनी पाणी खेळविले. पुढे बर्लिन येथील हौशी मंडळींनी ह्या खडकास स्किमर व प्रखर प्रकाश यांची जोड दिली. आजच्या बहुतेक पेट्या ह्याच परंपरेतील आहेत.

भारतात मात्र ही परंपरा जशीच्या तशी उचलता येत नाही. जिवंत खडक म्हणजे बहुधा जुन्या प्रवाळांचा सांगाडा, आणि भारतात पाषाण-प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्नि-प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे हे सर्व २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. ह्या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या अपराधास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या सूचीतील परदेशी प्राण्यांच्या बाळगणुकीवरही नोंदणीचे बंधन घातले आहे. दुकानात वस्तू उघडपणे मांडलेली असणे हा तिच्या वैधतेचा पुरावा नव्हे.

ह्या बंधनामागील कारण महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर पाहावयास मिळते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील प्रवाळांसाठी मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर कान्होजी आंग्रे ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडीत प्रवाळ-उंचवटा आहे. राज्याची प्रवाळ-संपत्ती अशी मोजक्या ठिकाणी आहे. हाताएवढा सांगाडा तयार होण्यास कित्येक वर्षे लागतात. तो फोडण्यास एक घाव पुरतो.

मग कायद्याच्या मर्यादेत हौशी माणसाला काय ठेवता येईल? खडक सिमेंटचा किंवा भाजलेल्या मातीचा, सच्छिद्र, मनुष्यनिर्मित असावा. जीवाणूंची वस्ती त्यावरही होते, मात्र अधिक वेळ लागतो. प्राण्यांत प्रथम पसंती बंदिस्त अवस्थेत पैदास झालेल्या विदूषक माशांस, म्हणजे क्लाउनफिशला, द्यावी. भारतात त्यांच्या पैदाशीचे तंत्र सरकारी संशोधन-संस्थांनी सिद्ध केले आहे आणि मुलुंडच्या समोर, खाडीपलीकडे ऐरोली येथेही त्यांची पैदास झाली आहे. हा मासा समुद्रफुलाशिवायही पेटीत सुखाने राहतो. जोडीतील मोठी मादी मेली तर नर लिंगबदल करून मादी होतो, हे त्याचे वैशिष्ट्य अभ्यासकाला घरबसल्या पाहता येण्याजोगे आहे. अनुसूचीत न येणारे मृदुकाय प्रवाळ घ्यावयाचे झाल्यास त्यांचे मूळ दाखविणारी पावती व कागदपत्रे मागून घ्यावीत. ती न मिळाल्यास प्राणी घेऊ नये. शंकानिरसनासाठी अंधेरीच्या वेसावे भागातच १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून दिसून येईल की, प्रवाळ-पेटीची खरी किंमत काचेत वा दिव्यांत नसते. जे स्थैर्य समुद्र आपल्या विस्तारामुळे आपसूक राखतो, ते येथे एका कुटुंबास रोजच्या मोजमापाने राखावे लागते. सणावाराला कुटुंब गावी गेले तरी भर घालावीच लागते, आणि मे महिन्यातील एका दुपारच्या हलगर्जीची भरपाई पुढे होत नाही.

ही जबाबदारी पेलेल की नाही, हे ठरविण्याचा एक सोपा मार्ग आहे. पेटी उन्हाळ्याच्या तोंडाशी मांडावी, तीत पाणी, वाळू व मनुष्यनिर्मित खडक एवढेच ठेवावे आणि मे ते जुलै असे तीन महिने तापमान रोज व क्षारता दिवसाआड वहीत नोंदवावी. ज्याच्या वहीतील आकडे ऐन उन्हाळ्यात व पहिल्या मुसळधार पावसातही एका रेषेत राहिले, त्याने ऑगस्टमध्ये पहिला मासा आणावा. ज्याच्या वहीत मधली पाने कोरी राहिली, त्याने पेटी मोडावी आणि प्रवाळ पाहण्यासाठी मालवणला जावे; त्यात प्रवाळाचे व त्याचेही हित आहे.